वहीच्या पानावरचा अंगठा

निजामाचं राज्य जाऊन दहा-एक वर्षं झाली होती आणि मी तुळजापूर तालुक्यातल्या एका खेड्यात नवा नवा मास्तर होतो. वरून हुकूम आला की सातवीच्या मुलांना आठवड्यातून एक तास 'जीवनशिक्षण' शिकवा. पुढं काय करणार, संसार कशावर उभा करणार, चार पैसे गाठीला कसे राहतील, हे सगळं. पुस्तक आलं नाही, नुसता हुकूम आला. हेडमास्तरांनी तो माझ्या गळ्यात मारला आणि मलाही तो आवडला, कारण मी पुजाऱ्याच्या घरातला. यात्रेकरू आले तर आमची चूल पेटायची, नाही आले तर आई शेजारी पीठ मागायला जायची. त्यामुळं ठरलेला पगार हाच माझा देव होता आणि तेविसाव्या वर्षी मी जगाला शहाणपण वाटायला निघालो होतो.

फळ्यावर मी मधोमध रेघ मारली. एका बाजूला 'भरवशाचं', दुसऱ्या बाजूला 'बिनभरवशाचं'. मास्तर, तलाठी, पोस्टमन पहिल्या बाजूला. शेती, माग, मेंढरं दुसऱ्या. वर्गात एक धनगराचा मुलगा होता, वयानं सगळ्यांत मोठा आणि गणितात सगळ्यांत तल्लख. तो उठून म्हणाला, "गुरुजी, पाऊस न्हाय झाला तर आमी मेंढरं घेऊन दुसऱ्या मुलखात जातो. तुमचा पगार थांबला तर तुमी कुठं जाताल?"

पोरं फिदीफिदी हसली. त्या वेळी आमचे दोन महिन्यांचे पगार खरंच अडकले होते आणि ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. इतका नेमका प्रश्न मला आजवर कुठल्या साहेबानंही विचारलेला नाही. माझं डोकं फिरलं. 'मेंढरांचा भरवसा नाही' हे वाक्य पंचवीस वेळा लिहून आण, आणि खाली बापाची सही आण, असं मी त्याला फर्मावलं.

दुसऱ्या दिवशी पान आलं. टपोरं अक्षर, आणि खाली चिमणीच्या काजळीत बुडवून उठवलेला अंगठा. मी ते टेबलाच्या खणात टाकलं आणि जिंकल्यासारखा खडू उचलला.

चार दिवसांनी त्याचे वडील शाळेत आले. पायताण बाहेर काढून, हात जोडून उभे राहिले.

"गुरुजी, पोरानं कागद वाचून दावला. म्या अंगठा दिला, म्हंजे कबूल केलं. पर मेंढरं समदीच इकायची, का थोडी ठिवली तर चालत्याल?"

मला आधी कळेचना. मग हळूहळू उलगडलं. उभ्या आयुष्यात त्यांचा अंगठा फक्त कचेरीनं घेतला होता, आणि एकदा अंगठा दिला की माघार नाही, एवढंच त्यांना माहीत होतं. शाळा सरकारची, तेव्हा शाळेचा कागदही सरकारचा. ही शिक्षा आहे हे पोरानं सांगितलंच नव्हतं. गुरुजींना उलट बोलला म्हणून बापानं त्याला सोलून काढलं असतं.

'अहो, ती शिक्षा होती', एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण शेजारच्या खुर्चीत हेडमास्तर बसले होते. शिक्षा कशाबद्दल, हे त्यांनी विचारलं असतं आणि मला पोराचा तो पगाराचा प्रश्न त्यांच्यापुढं म्हणून दाखवावा लागला असता. मी घसा खाकरून म्हणालो, "जबरदस्ती नाही. पण मुलाच्या पुढच्या आयुष्याचा विचार करा."

"तुमी म्हन्ता म्हंजे झालं," ते म्हणाले.

पुढच्या बाजारात त्यांनी होती नव्हती ती साठ-सत्तर मेंढरं विकली. मुलाला घेऊन पुन्हा शाळेत आले आणि म्हणाले, "आता त्यो कागद फाडा गुरुजी. माझं काम म्या केलं." मी खणातून पान काढून त्यांच्यासमोर फाडलं. मुलगा दाराशी उभा होता. त्याच्याकडं बघायची माझी छाती झाली नाही.

आलेल्या पैशातून त्यांनी मुरमाड रान घेतलं. त्यांच्या घरात नांगर कुणी धरलेला नव्हता. हाताखाली माणूस हवा म्हणून परीक्षेच्या आधीच मुलगा शाळेतून गेला. त्या वर्षी काही पिकलं नाही, पुढच्या वर्षीही नाही. मी मात्र जीवनशिक्षणाचा तास घेत राहिलो, आणि इन्स्पेक्टरसाहेबांनी माझ्या त्या फळ्याचं कौतुक केलं तेव्हा गप्प उभा राहिलो. त्याची मला आज म्हातारपणीही लाज वाटते.

तीन-चार वर्षांनी धाराशिवला जाताना मेंढरं आडवी आली म्हणून आमची मोटार थांबली. कळपामागं तोच होता, मिसरूड फुटलेला. मला ओळखून खिडकीशी आला.

"कुणाची मेंढरं?" मी विचारलं.

"तेर गावच्या एका मालकाची. सालानं चाकरीला हाय म्या." मग इकडंतिकडं बघून त्यानं आवाज खाली आणला. "गुरुजी, ती शिक्षा व्हती, हे आबाला म्या आजून सांगितलं न्हाय. तुमी काळजी करू नगा."

मी म्हणालो, "बरं केलंस."