पालकांची सही

आमच्या कॉलेजात नियम होता: एक विद्यार्थी, एक नोकरी. कॅम्पसवर आलेल्या कुठल्याही कंपनीनं तुम्हाला घेतलं की पुढच्या सगळ्या याद्यांतून तुमचं नाव उडालं. तसा नियम न्याय्यच आहे. हुशार चारजणांनी सगळ्या नोकऱ्या पळवू नयेत म्हणून तो केलेला. दुसऱ्या वर्षाला असताना कॅन्टीनमध्ये मी त्याच्या बाजूनं तावातावानं भांडलेही होते. स्वतःवर आल्याशिवाय माणसाला नियमाचं वजन कळत नाही आणि माझ्यासारख्या शहाण्या मुलीला तर नाहीच नाही.

शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच पहिली कंपनी आली, ती सॉफ्टवेअरची. मी मेकॅनिकलची. पण त्यांना शाखेशी काही घेणंदेणं नव्हतं, शेकड्यानं मुलं उचलायची होती. मी ‘अनुभव येईल’ म्हणून परीक्षेला बसले. सगळे हेच म्हणून बसतात. निवड झाली आणि हातात पत्र आलं, ते नेमणुकीचं नव्हतंच. त्याला लेटर ऑफ इंटेंट म्हणतात. साध्या मराठीत सांगायचं तर, तुम्हाला घ्यायचा विचार आहे, कधी ते विचारू नका.

पप्पांनी ते पत्र उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. पप्पा एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहेत. आमच्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारे ते पहिले. आजोबांनी आयुष्यभर रोजावर काम केलं, त्यामुळे ‘कंपनीचं पत्र’ या गोष्टीचं घरात काय मोल होतं ते मला समजत होतं. दुसऱ्या दिवशी पप्पांच्या ऑफिसात पेढे गेले. त्याच रविवारी बिबवेवाडीतल्या आमच्या विहारात गुणगौरवाचा कार्यक्रम होता. दहावी-बारावीच्या मुलांच्या रांगेत मलाही उभं केलं, गुलाबाचं फूल आणि एक पुस्तक दिलं. माइकवरून सांगितलं गेलं की आपल्या वस्तीतली ही पहिली इंजिनिअर मुलगी. पप्पा पहिल्या रांगेत पांढरा शर्ट घालून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, आणि रडत होते. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं. आणि त्याच क्षणी त्याचं ओझंही वाटलं, ते आजतागायत उतरलेलं नाही.

पुढच्या महिन्यात कॉलेजच्या फाटकावर, सोलापूर रस्त्याला तोंड करून, निवड झालेल्यांचा फ्लेक्स लागला. फोटोग्राफरकडे एकच निळा ब्लेझर होता. तो चाळीसजणांनी आळीपाळीनं घातला, त्यामुळे फ्लेक्सवर आम्ही सगळे एकाच आईची लेकरं दिसत होतो. पप्पांनी मामांना खास गाडीवर बसवून लोणी काळभोरपर्यंत नेलं आणि तो दाखवला.

इथवर सगळं ठीक होतं. घोडं अडलं ते प्रोजेक्टमुळे. आमच्या गटाला भोसरीतला पंपाचा एक छोटा कारखाना मिळाला होता. त्यांच्या एका पंपाचं सील गळत होतं, ते का गळतं एवढं शोधायचं. आठवड्यातून दोन दिवस मी तिकडे जाऊ लागले. पहिल्या महिन्यात मला कुणी विचारलंही नाही. दुसऱ्या महिन्यात तिथल्या एका वयस्क इंजिनिअरांनी, ज्यांना सगळे काका म्हणायचे, माझ्या हातात पाना दिला. सील बसवण्याची जागा किंचित तिरकी कापली जात होती. ते मला सापडलं. जागा सरळ करून पंप टेस्टिंगला लावला, गेजचा काटा वर गेला, थांबला, आणि खाली एक थेंबही पडला नाही. अर्धा तास मी तिथे उकिडवी बसून कोरड्या फरशीकडे बघत होते. चार वर्षांत मला इंजिनिअर झाल्यासारखं वाटलं ते त्या अर्ध्या तासात.

जानेवारीत तोच कारखाना कॉलेजात आला. दोन जागा होत्या. काका मला म्हणाले, “तू येतेयस ना? नाव दिसलं नाही यादीत.” मी म्हणाले, येतेय. विचारही केला नाही, तोंडातून निघून गेलं.

मी प्लेसमेंट सेलमध्ये गेले. तिथले सर अस्सल पुणेरी. त्यांनी मान वर न करताच ऐकून घेतलं.

“साखरपुडा झाल्यावर आपण दुसरी स्थळं बघायला जाता का?” ते म्हणाले.

“सर, त्या कंपनीनं तारीखच दिलेली नाही. मागच्या वर्षीची मुलंसुद्धा अजून घरीच बसलीयत.”

“मग आपणही बसा. सोबत आहे की.”

मी हलले नाही. शेवटी त्यांनी ड्रॉवर उघडून एक छापील अर्ज काढला. मिळालेली निवड मी स्वेच्छेनं सोडत आहे, पुढे कॉलेज जबाबदार राहणार नाही, वगैरे. खाली माझी सही, त्याखाली पालकांची. “पुढच्या गुरुवारी चारच्या आत. शुक्रवारी त्यांचे इंटरव्ह्यू आहेत,” सर म्हणाले. “आणि फ्लेक्सवरून फोटो काढणार नाही. तो छापून झालाय.”

माझ्याकडे नऊ दिवस होते. दोन दिवस मी अर्ज बॅगेतच ठेवला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पप्पांचा चहा झाल्यावर समोर ठेवला. काय बोलायचं ते बसमध्ये पाठ केलं होतं. बोलले मात्र भलतंच. “एक छोटी कंपनी आलीय, नुसता इंटरव्ह्यू देऊन बघायचाय.” विहारातला तो पांढरा शर्ट डोळ्यांसमोर असताना ‘मला ती नोकरी नकोय’ हे वाक्य माझ्या तोंडून निघेना.

पप्पांनी चष्मा लावून अर्ज वाचला. रागावले नाहीत. म्हणाले, “कंपनीची काही माहिती? माहितीपत्रक वगैरे आण, बघू.”

मी दुसऱ्या दिवशी माहितीपत्रक आणलं. त्यांनी तेही वाचलं, अर्जाच्या मागे टाचणीनं लावलं. “प्रॉव्हिडंट फंड आहे का, ते यात नाही.” मी काकांना फोन करून विचारलं. आहे. “तोंडी नको, लिहून आण.” काकांनी बिचाऱ्यांनी लेटरहेडवर लिहून दिलं. तेही टाचणीनं लागलं. मंगळवारी पप्पा म्हणाले, “कारखाना कधीपासूनचा, नोंदणी कुठली, ते जोड.” मी तेही जोडलं. मला वाटत होतं, ते किती काळजीनं बघतायत. अर्जाची जाडी वाढत होती आणि मी खूश होत होते.

बुधवारी संध्याकाळी ते म्हणाले, “ही निवड सोडली आणि त्यांनी घेतलं नाही तर? त्यांच्याकडून घेण्याची हमी आण लेखी. मग सही करतो.”

इंटरव्ह्यूच्या आधी घेण्याची हमी कोण देईल? आणि मग एकदम माझ्या लक्षात आलं. लहानपणापासून जेवताना आम्ही पप्पांच्या ऑफिसच्या गोष्टी ऐकत आलो होतो. एखादी फाइल पुढे जाऊ द्यायची नसेल तर काय करायचं, हे ते रंगवून सांगायचे. नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं की माणूस वर तक्रार करतो. त्रुटी काढायची. कागद कमी आहे म्हणायचं, आणून दिला की दुसरा कमी आहे म्हणायचं. आम्ही पोट धरून हसायचो. आता तीच त्रुटी ते माझ्या अर्जाला काढत होते. मी आठवडाभर स्वतःच्याच घरातल्या खिडकीपुढे रांगेत उभी होते आणि मला ते कळलंही नव्हतं.

मी आईकडे पाहिलं. ती भाकरी थापत होती. “नीट बोल त्यांच्याशी,” एवढंच म्हणाली. मी बोलले नाही. मला इतका संताप आला होता की बोलले असते तर ओरडले असते. गुरुवारी चार वाजता मी वर्कशॉपच्या पायरीवर बसले होते. शुक्रवारी काका आले, मला व्हरांड्यात बघून थांबले, आणि आत गेले. दुसऱ्या दोघांना त्यांनी घेतलं. दोघंही चांगले होते. त्यांच्यावर मला राग काढता येईना, याचाही राग आला.

मेमध्ये कॉलेजनं शेवटच्या वर्षाच्या मुलांचा व्हिडिओ करायला घेतला. प्रवेशाचा हंगाम तोंडावर आला होता. ग्रंथालयासमोरच्या हिरवळीवर खुर्ची टाकली होती. एकेकानं यायचं, चार वर्षांचा अनुभव सांगायचा, पुढचा बेत सांगायचा. उन्हात उभे राहून आम्ही एकमेकांची उत्तरं ऐकत होतो. सगळ्यांना कॉलेजनं आत्मविश्वास दिला होता. सगळे पाच वर्षांनी टीम लीड होणार होते. माझी मैत्रीण यवतमाळकडची, चार वर्षं होस्टेलवर काढलेली, कुठेच निवड न झालेली. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “मले तं काही समजूनच नाही राहिलं.” कॅमेरावाला हसला. तिचा भाग अर्थातच कापला.

माझी पाळी आली. सर बाजूलाच उभे होते. पुढचा बेत काय, असा प्रश्न आला आणि मी गोड आवाजात कंपनीचं नाव घेतलं, मी फार उत्सुक आहे म्हणाले, आई-वडिलांचे आभार मानले. एका दमात. सर म्हणाले, “उत्तम. परत घ्यायची गरज नाही.” मैत्रिणीनं मला विचारलं, “हे खरं होय का?” मला तिची लाज वाटली, म्हणजे तिच्यासमोर स्वतःची. पप्पांनी तो व्हिडिओ वस्तीच्या ग्रुपवर टाकला. खाली अंगठे आणि हार यांची रांग लागली.

आता नोव्हेंबर चालू आहे. कंपनीचा मेल आलेला नाही. मधे एकदा आला, त्यात थोडा धीर धरा असं होतं. मैत्रीण गावाकडे परत गेली आणि तिथल्या एका शाळेत गणित शिकवू लागली. मी घरी आहे. सकाळी सगळे कामाला गेले की घरात मी आणि फ्रिजचा आवाज. दुकानात गेले की कुणीतरी विचारतं, “काय मॅडम, कधी जॉइनिंग?” मी म्हणते, पुढच्या महिन्यात. दुसरीकडे अर्ज करावा तर मुलाखतीत विचारतात, तुमच्याकडे तर ऑफर आहे ना. नाही म्हणावं तर कॉलेजनं नेटवर टाकलेला तो व्हिडिओ आहेच. मला घराच्या भिंती आवडेनाशा झाल्या आहेत. पायऱ्या उतरून खाली जावं म्हटलं तर खाली जाऊन कुठे जायचं ते कळत नाही, म्हणून मी परत वर येते.

गेल्या रविवारी माझा बांध फुटला. कारण अगदी क्षुल्लक होतं. नळ गळत होता आणि पप्पा प्लंबरला फोन लावत होते. मी म्हणाले, मी करते. ते म्हणाले, “तू कशाला, तू इंजिनिअर आहेस.” एवढंच. आणि मी इतक्या महिन्यांचं सगळं बाहेर काढलं. तुम्ही एक सही केली असती तर मी आज कामावर असते. तुम्ही मला नाही म्हणाला असता तरी चाललं असतं, मी भांडले असते. तुम्ही माझी फाइल केलीत. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहिली. मी रडत होते आणि थांबत नव्हते.

पप्पांनी फोन खाली ठेवला. मग म्हणाले, “तुला माझी सही येते की.”

मला कळलं नाही.

“नववीत गणितात नापास झाली होतीस. प्रगतिपुस्तकावर माझी सही करून दिलीस. मी नंतर बघितली ती. माझ्यापेक्षा चांगली होती, म्हणून काही बोललो नाही.” ते माझ्याकडे न बघता बोलत होते. “मी घाबरलो होतो, हे खरं आहे. माझ्या हातानं सोडवेना मला ते पत्र. पण मला वाटलं, तुला एवढंच हवं असेल तर तू करशील. गुरुवारी मी ऑफिसातून तीनदा कॉलेजला फोन लावायला घेतला होता, विचारायला, की अर्ज आला का म्हणून.”

ते खरं होतं. बुधवारी अर्ज परत बॅगेत टाकताना मला तसं सुचलं होतं. पेन माझ्या हातात होतं. ती सही मला डोळे मिटून येते. आणि मी केली नाही, ती प्रामाणिकपणामुळे नाही. सही मी केली आणि पुढे भोसरीत माझं काही चुकलं, तर बोट दाखवायला कुणी उरणार नव्हतं, याची मला भीती वाटली होती. एवढे महिने मी पप्पांवर चिडले, ते मला फार सोपं गेलं.

मी पाना काढून नळ खोलला. आतला वॉशर झिजला होता. पप्पा शेजारी मोबाइलचा टॉर्च धरून उभे राहिले.