आधीच्या नमुन्यातलं औषध

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते नागपूरच्या प्रयोगशाळेतल्या आमच्या सरांचे. संत्र्यात फवारणीचं औषध किती उरलंय, हे मशीनवर बघायला त्यांनीच शिकवलं. नमुन्याच्या प्रत्येक बाटलीला टिचकी मारून ते बुडबुडा घालवत. "काहून घाई करून राहिला गा? आधी मशीन धुऊ दे," म्हणत.

एकदा ते स्वतःच मशीन धुवायला विसरले. आधीच्या नमुन्यातलं औषध नरखेडच्या एका बागायतदाराच्या अहवालात उतरलं आणि त्याचा निर्यातीचा माल नाकारला गेला. चूक फक्त सरांच्या लक्षात आली. त्यांनी फोन लावला.

"भाऊ, औषध तुमच्या संत्र्यात नव्हतं, आमच्या मशीनमध्ये होतं."

"आता सांगून राहिले, साहेब? माल तर मातीमोल गेला."

सरांनी राजीनामा दिला. मी त्यांना लिहिलं, "सर, तुमची जागा मला देत आहेत. मी अजून हो म्हटलेलं नाही. तुम्ही परत या."