दोऱ्याचा डोंगर

वय साठीला टेकलं तरी थोरल्या बहिणीच्या तोंडी तो बारक्याच होता. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत तो फाटकी पुस्तकं शिवायचा. जन्मात त्याने डोंगर पाहिला नव्हता. त्यांच्या शहरात उंच म्हणाल तर पाण्याची टाकी! पण पुस्तकांतले डोंगर त्याला विचारा. लावलेली खळ वाळेपर्यंत समोर उघडं असेल ते पान वाचत बसायचं, ही त्याची खोड. त्यामुळे गोष्टीचा शेवट त्याला क्वचितच कळे, डोंगर मात्र मनात घर करून बसत. कादंबरीभर धुक्यात दडून राहिलेला एक. समुद्र बघायचा म्हणून पावलापावलाने पुढे सरकणारा दुसरा. वाचता वाचता खोलीची भिंत विरून जाई आणि बारक्या वाऱ्यात उभा असे.

हे डोंगर तो दूरच्या शहरात लेकाकडे राहणाऱ्या ताईला टपालाने पाठवी. पुठ्ठ्याच्या कार्डावर पुस्तकबांधणीच्या कापडाचे, रंगीत कागदांचे कपटे चिकटवून डोंगर उभा करायचा, मागे पत्ता लिहायचा. पाकीट मात्र नाही. तो ताईचा नियम. "पाकिटात घातलास की ते सामान झालं. उघड्यावरून येऊ दे त्याला." म्हणून वरचं आभाळ तो कोरं ठेवी आणि तिकीट मुद्दाम तिथेच लावी. टपाल कचेरीचा गोल शिक्का बसला, की तो सूर्य. शिक्का घसरून पायथ्याशी आला, तर ती संध्याकाळ.

मग ताईची नजर गेली. एकदम नाही, कडेकडेने.

"आता नको पाठवूस रे," ती फोनवर म्हणाली. "सूनबाई सांगते, निळा डोंगर आलाय. माझ्या हाताला निळं कुठे लागतं?"

एरवी फोनवर दोघांचं बोलणं म्हणजे जेवलास का, जेवलो, ठेवते. खरं काय ते त्या कार्डांवरच बोलून व्हायचं. कार्डं थांबली तर बहीण असून नसल्यासारखी होणार होती, आणि ते त्याला सोसणार नव्हतं.

त्याने पुठ्ठ्यावर पुठ्ठे चढवून चांगला पेरभर जाडजूड डोंगर केला. टपाल कचेरीच्या खिडकीवरच्या बाईंनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"काका, हा शिक्क्याच्या यंत्रातून धड नाही जायचा."

"जाईल हो," बारक्या म्हणाला.

कसला जातोय! ताईचा फोन आला. "डोंगर कुठाय? मैदान आलंय." ती खूप हसली. मग हसणं ओसरलं. "पुरे कर आता, बारक्या."

चार दिवस त्याचं कामात लक्ष लागेना. एका जाड पुस्तकाची शिवलेली पाठ तपासता तपासता अंगठा टाक्यांवरून फिरला आणि तिथेच थांबला. दाबाखाली ठेवून काढलेलं पुस्तक, तरी टाके बोटाला लागत होते.

त्याने मेण लावलेला दोरा घेतला. एका प्रवासवर्णनातली वळणावळणाची चढण त्याला आठवत होती. त्याच्या वाट्याला आलेलं पान शिखराच्या खालीच संपलं होतं, माणसं वर पोचली की नाही देव जाणे. बारीक टाक्यांनी त्याने ती वाट शिवली, मध्ये गाठी मारल्या आणि पान संपलं तिथून पुढे आपल्या मनाने थेट माथ्यापर्यंत नेली.

कार्ड पोचलं त्या दुपारी फोन वाजला. पलीकडून नुसतं बोट घासल्याचा आवाज.

"ताई?"

"थांब रे. इथे गाठ लागतेय."

"ती बसायची जागा."

"बरं झालं. बसले."

पुन्हा तो आवाज सुरू झाला, हळूहळू. बारक्याला राहवेना. "ताई, पोचलीस का?"

"बोलायला लावू नकोस," ताई म्हणाली. "दम लागलाय."

बारक्याने फोन कानाशी घट्ट धरला आणि तो घळाघळा रडला, पण आवाज न करता, कारण ताई अजून चढत होती.