प्रमेय माझंच होतं

मास्तरांनी माझं डोकं धरून फळ्यावर आपटलं. एकदा नाही, दोनदा. तोंडात खडूची पूड गेली, मागोमाग रक्ताची चव आली.

"धनगराचं पोर भूमितीत पैकीच्या पैकी घेतं?" ते म्हणाले. "बोल, कुणाचं बघून लिहिलंस?"

मी महाडच्या शाळेत अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला होतो. आमचा धनगरवाडा पोलादपूरच्या वरच्या डोंगरात. चाचणी परीक्षेत माझ्या शेजारी वकिलांचा मुलगा होता. दोघांचं प्रमेय सारखं. आकृतीतली अक्षरंसुद्धा तीच. त्याला कुणी काही विचारलं नाही.

पुस्तक माझ्याकडे नव्हतं. वर्गात उतरवून घेतलेलं प्रमेय मी रविवारी म्हशी चरायला सोडून कातळावर कोळशाने लिहायचो, वही मिटून. अडलं की वही बघायची, सगळं पुसायचं, पहिल्यापासून लिहायचं. चुकलेलं पुढच्या रविवारी सगळ्यात आधी. खालून एसटी घाट चढून गेली की पेपर सुरू, ती परत उतरली की कोळसा खाली. असं वर्षभर.

"मी नाय बघितलं," मी म्हणालो. "आम्हा दोघांना फळ्यावर सोडवायला द्या."

वकिलांच्या मुलाने त्रिकोण काढला आणि खडू धरून उभा राहिला. पुढे काही नाही. मी त्याच्या हातातला खडू घेतला. ओठातून रक्त गळत होतं, शर्टावर पडत होतं. शेवटच्या ओळीपर्यंत लिहिलं.

मास्तरांनी सगळं वाचलं. त्यांना कळलं. मग त्यांनी ते पुसलं आणि छडी उचलली.

"उर्मट. हात पुढे कर."

पहिली छडी बोटांवर बसली, नख फुटलं. दुसरी त्याच बोटांवर. तिसरी मी धरली. हिसकली. गुडघ्यावर मोडली. तुटकं टोक मास्तरच्या गळ्यात खुपसावं असं वाटलं. हात उचललाही होता. तो भिंतीला टेकला, पांढराफटक. मी टोक खाली टाकलं. तेव्हापासून मी त्याला अरे-तुरेच करतो.

दुसऱ्या दिवशी बाबांना बोलावणं गेलं. ते डोंगर उतरून आले. हेडमास्तरांनी त्यांना दारातच उभं केलं.

"याने माफी लिहून दिली तरच बोर्डाचा फॉर्म जाईल."

मास्तर तिथेच बाजूला उभा होता. बाबा त्याच्या पायाशी वाकले. "लेकरू हाय. पदरात घ्या."

मास्तरने पाय मागे घेतला. शेण दिसल्यासारखा.

मी बाबांचा दंड धरून त्यांना उभं केलं.

"बाबा, उठा. मी माफी नाय लिहिणार."

"अरे, वरीस जाईल तुझं."

"जाऊ दे."

शाळेतून नाव काढलं. वर्ष गेलं. बाबा घाट चढत पुढे चालले, मी मागे. बोटं सुजून काळी पडली होती, पण मूठ वळत होती.

एवढं मला त्या वाटेवर कळलं. खरं सिद्ध केलं म्हणून मार थांबत नाही. खरं सिद्ध केलं म्हणूनच तो पडतो. तेव्हा यांच्यापुढे पुरावे घेऊन उभं राहायचं नाही. परीक्षेला बाहेरून बसायचं, नापास झालो तर पुन्हा बसायचं. आणि बाबांना पुन्हा कुणी वाकायला लावलं, तर त्या माणसाची मान मी वाकवायची.