करपलेली भाकरी

परवा माझी भाकरी तव्यावर करपली आणि रोसा आठवली.

अमेरिकेत लेकीच्या शेजारी राहायची, मूळची मेक्सिकोची. तिकडे तिची आई वारली आणि हिला जाता आलं नाही. तेव्हापासून बाई खिडकीचा पडदासुद्धा उघडेना. डॉक्टरकडे चल म्हटलं, तर लेकीच्या तोंडावर दार लावलं.

मग त्यांचा पितरांचा सण आला. गेलेल्यांचे फोटो झेंडूच्या फुलांत मांडून पुढे त्यांच्या आवडीचं ठेवतात. शेजारणींनी रोसाला सण मांडला होता त्या हॉलवर आणलंच. तेव्हा माझा मुक्काम लेकीकडेच होता, म्हणून आम्हीही गेलो; लेक मला त्यांच्या बोलण्याचा अर्थ कानात सांगत होती. कशी आहेस, असं कुणी विचारलं नाही हो. एका म्हातारीनं माळ ओवता ओवता विचारलं, "तुझ्या आईला काय आवडायचं गं?"

रोसा म्हणाली, "करपलेली मक्याची भाकरी. मुद्दाम करपवायची आणि आळ आमच्यावर घालायची."

बायका हसल्या. तीही हसली, मग रडली, मग बोलतच राहिली.

आपणही पितरांना पान वाढतो. ते जेवतात की नाही, देव जाणे. त्या निमित्तानं आपण त्यांच्याविषयी बोलतो तरी.

दुसऱ्या दिवशी रोसाची खिडकी सताड उघडी होती आणि आतून करपल्याचा वास येत होता.