कुत्र्यावरून लागलेला शोध

ती केस आठवली की आधी कुत्रा डोळ्यांसमोर येतो, मग मुलगी. मी तेव्हा सदाशिव पेठेजवळच्या एका चौकीत उपनिरीक्षक होतो.

शहरात सामील झालेल्या एका गावातला तरुण बहीण बेपत्ता असल्याची तक्रार घेऊन आला. बहीण चोवीस वर्षांची, दवाखान्यात नोकरी, पेठेत खोली घेऊन राहायची. मिसिंग दाखल केली. तिचा फोन बंद. भावानं दिलेला फोटो कुणाच्या तरी लग्नातला, नटूनथटून काढलेला. तो पाहून तिला कोणी ओळखेना.

खोलीच्या मालकीणबाईंना विचारलं.

"अहो, ती गेल्याचं आम्हाला कळलंच नाही. भुंकणं थांबलं तेव्हा कळलं. तीन पायांचा कुत्रा पाळला होता बाईंनी. चौथा पाय असता तर घर डोक्यावर घेतलं असतं त्यानं."

कुत्रा बसमध्ये घेत नाहीत. म्हणजे ती रिक्षानं गेली असणार. स्वारगेटच्या रिक्षा स्टँडवर मी फोटो खिशातच ठेवला आणि कुत्र्याचं विचारलं.

"तीन पायांचा? बंड्या! मीच सोडला की विश्रांतवाडीला," एक रिक्षावाला म्हणाला.

"आणि बाई कशी होती दिसायला?"

"बाईकडं कोण बघतंय, साहेब."

विश्रांतवाडीत चिकनवाल्यानं लगेच सांगितलं, "बंड्याची आई ना? रोज संध्याकाळी येते, त्याच्यासाठी माना न्यायला." तिचं नाव त्यालाही माहीत नव्हतं. संध्याकाळी ती आली.

तिचा जबाब घेतला. वडिलोपार्जित जमीन बिल्डरला द्यायची होती. भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागत होता. तिनं सही केली असती तर तिचा वाटा भावाकडे गेला असता. नाही म्हटलं की मारायचा. 'मी सज्ञान आहे, स्वखुशीने वेगळी राहते, माझा पत्ता घरी देऊ नये,' असं तिनं लिहून दिलं. नियमाप्रमाणे मिसिंग बंद केली.

भावाला चौकीत बोलावलं.

"कुठं हाय ती?"

"सुखरूप आहे. पत्ता मिळणार नाही."

"सापडलीच नसंल," तो हसला. "तुमच्यानं काय व्हतंय, साहेब!"

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. गावंढळ म्हटलेलं मी पुष्कळ ऐकून घेतलं आहे, बिनकामाचा म्हटलेलं नाही. म्हणालो, "तुझ्या फोटोचा काडीचा उपयोग झाला नाही. तिच्या कुत्र्यावरून शोधून काढली मी तिला." शिपाई हसले. मलाही बरं वाटलं.

त्यानं काय केलं? तिच्या जुन्या स्टेटसवरचा कुत्र्याचा फोटो श्वानप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. 'आमचा बंड्या हरवला आहे. दिसल्यास कृपया कळवा.' माणसं भली. दोन दिवसांत कुणीतरी विश्रांतवाडीची गल्लीसुद्धा कळवली.

ती बंड्याला घेऊन चौकीत आली तेव्हा मनगट सुजलेलं होतं. चिकनवाला मध्ये पडला म्हणून सुटली. सही मात्र केली नव्हती. गुन्हा दाखल केला, भावाला अटक केली. तो जामिनावर सुटणार हे तिलाही ठाऊक होतं.

"साहेब, कुत्र्याचं त्याला कुणी सांगितलं?"

"मी."

तिनं बंड्याची साखळी माझ्या टेबलावर ठेवली.

"मग आता तुम्हीच सांभाळा याला. हा बरोबर असला की मला कुठंच लपता येणार नाही."

दारापर्यंत गेली आणि मागं न बघता म्हणाली, "भात नुसता खात नाही तो."

पत्ता दिला नाही, म्हणजे मी नियम पाळला, असं पुष्कळ दिवस स्वतःला समजावलं. पण माणूस ज्या खुणेवरून सापडतं, ती खूण म्हणजेच त्याचा पत्ता. हे मला कुणी शिकवलं नव्हतं असं म्हणून सुटका नाही. तोंड आवरलं असतं तरी पुरे होतं.

मी आता निवृत्त आहे. बंड्या म्हातारा झाला आहे. माझ्या मुलीच्या घरी विश्रांतवाडीला गेलो की त्याला फिरवायला नेतो. मला तिथं कोणी ओळखत नाही, पण लोक थांबतात.

"हा बंड्या ना? ताई कुठे असतात हल्ली?"

"माहीत नाही," मी सांगतो. ते खरं आहे. शोधली असती तर सापडली असती. शोधली नाही.