दातासकट एक बाजू

दुसऱ्या गाण्याचं शेवटचं कडवं चालू होतं, आणि शालनचा पुढचा दात पडला.

मी पेटीवर होते. सांगलीच्या एका नाट्यगृहात रेकॉर्डिंग चाललं होतं. पोर आठ वर्षांची, कडेगावची. मुंबईच्या टीव्हीवर मुलांची गाण्याची स्पर्धा झाली, त्यात ही पहिली आली. आमच्याकडं तेव्हा टीव्ही कुणी पाहिलेला नव्हता, पण कौतुक सगळ्यांना! बक्षीस म्हणून तिची पहिली रेकॉर्ड निघणार होती. छोटी तबकडी, पुढं एक गाणं, मागं एक. कंपनीचे पेठेसाहेब लोकगीतांसाठी मशीन घेऊन सांगलीत आलेच होते, म्हणून हे काम इथं. पहिलं गाणं झकास झालं. दुसरं जमलं नाही तर मागची बाजू दुसऱ्या नंबरच्या मुलाला जाणार, असं कंपनीनं आधीच बजावलेलं. त्यात साहेबांची संध्याकाळची गाडी.

पोर दात मुठीत धरून रडायला लागली.

"दुखतंय का गं?"

"न्हाई. उंदराला द्यायचाय."

आता हे साहेबांना कोण समजावणार? आमच्याकडं दुधाचा दात उंदराच्या बिळात टाकतात. म्हणजे नवा दात उंदरासारखा बारीक नि सरळ येतो.

"गाणं झाल्यावर टाकू," साहेब म्हणाले.

"आवं सायेब, वाकडा आला मंजी?" तिची आई पुढं आली. "तुमी जाल म्हमईला. पोरीला तो जलमभर वागवायचा हाय."

"अहो बाई, मी बीळ कुठून आणू?"

आमचे तबलजी अण्णा हसत उठले. "नाटकाच्या थेटरात बीळ हुडकायला लागतंय व्हय? चला स्टेजखाली."

साहेब बॅटरी घेऊन स्वतः वाकत आत शिरले. मागं पोर, तिच्या मागं आई. बीळ सापडलं, दात आत गेला. "घेतला बघ त्यानं!" हे साहेबच ओरडले. पोर हसली. मला वाटलं, सुटलो.

सुटलो कुठले! गायला लागली, तर प्रत्येक 'स'ला शिट्टी. आणि गाण्यात ओळीओळीला सई नि साजणी. साहेबांनी कानावरचे हेडफोन काढून ठेवले.

"मग आता त्या पोराचं गानं लावनार?" आईचा आवाज एवढासा झाला.

साहेब बराच वेळ पोरीच्या तोंडाकडं बघत बसले. मग उठले आणि माइक तोंडासमोरून काढून गालाच्या बाजूला नेला. मला म्हणाले, "शिट्टी नाकासमोर जाते हो, आवाज चहूकडं पसरतो. बघू या." पुन्हा टेक घेतला, म्हणजे गाणं सुरुवातीपासून म्हणवून घेतलं. मग टेप लावून सगळ्यांनी ऐकलं. शिट्टी होती, पण पलीकडच्या गल्लीत कुणी वाजवावी तेवढीच.

"ओके," साहेब म्हणाले. आईनं तिथंच बसकण मारली. अण्णांनी चहा सांगितला. पेटीचा भाता मी इतका आवळून धरला होता, की कप घेताना माझी बोटं सरळ होईनात.

रेकॉर्ड निघाली, कडेगावात लाऊडस्पीकरवर लय वाजली. आई पाहुण्यांना सांगायची, "ही बाजू दातासकट हाय, ही बिनदाताची." पाहुणे बिनदाताचीच पुन्हा लावायला सांगायचे.

त्यानंतर लहान मुलाचं रेकॉर्डिंग आलं, की मी आधी त्याला 'आ' करायला लावायची. सूर मागाहून बघता येतो.